कस्तूर, जवादी मांजर आणि क्वोल : प्राणिनामांच्या प्रवासाचे एक प्रकरण

इ. स. १८२८ च्या उन्हाळ्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी नाणेघाटात गेला असता घाटमाथ्याजवळील लेण्यातील ब्राह्मी लेख त्याच्या दृष्टीस पडले. जुन्नरभोवतालच्या बौद्ध लेण्यांतील लेखांच्या नकलाही त्याने घेतल्या व त्या १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. सातवाहनांच्या इतिहासाचा अभ्यास करणारांस साइक्स हे नाव परिचित आहे ते बहुधा एवढ्यापुरतेच. परंतु ज्या वर्षांत हा गृहस्थ जुन्नरच्या लेण्यांतून अक्षरे उतरवून घेत होता, त्याच वर्षांत तो दख्खनमधील पशुपक्ष्यांची टिपणेही करीत होता. अक्षरांचे वाचन पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांसारख्या पंडितांनी केले. प्राण्यांच्या नावांकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे.

साइक्सचा जन्म १७९० चा. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. १८२९ मध्ये ते पद रद्द झाले, तरी साइक्सने काम सोडले नाही; ते हातावेगळे करून १८३१ मध्ये तो विलायतेस परतला. शेतसारा, पाऊसमान, मापे, पिके, लोकसंख्या या सर्वांच्या मोजणीबरोबर प्राण्यांचीही मोजदाद व्हावी हे त्या काळच्या सरकारी जिज्ञासेला धरूनच होते. त्याने तयार केलेली दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये व पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापली गेली. योगायोग असा की, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही १८३१ चीच. एकाच वर्षी एकाच प्रदेशातील शब्द दोन निराळ्या जाळ्यांत धरले गेले. कोशकाराच्या जाळ्यात शास्त्रीपंडितांच्या तोंडचे शब्द आले, आणि साइक्सच्या जाळ्यात बंदुकीच्या टप्प्यात आलेल्या प्राण्यांची नावे आली.

प्रस्तुत लेखात सह्याद्रीतील एक गाणारा वनपक्षी आणि ऑस्ट्रेलियातील एक लहान मांसाहारी शिशुधान प्राणी यांची तुलना करावयाची आहे. शिशुधान म्हणजे ज्यांची पिले अपुऱ्या वाढीची जन्मतात व आईच्या पोटावरील पिशवीत किंवा घडीत वाढतात असे सस्तन प्राणी. कांगारू हे त्यांचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण होय. पक्ष्याची व अशा प्राण्याची तुलना प्राणिशास्त्रास फारशी उपयोगी पडणार नाही, हे उघड आहे. मात्र दोघांची नावे कशी पडली, कोणी पाडली आणि कोणाची नावे त्यात मागे राहिली, हे पाहू लागल्यास दोन्ही कथा एकमेकींवर चांगला प्रकाश टाकतात. दोन्ही कथांचा एक धागा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत अडकलेला आहे आणि दुसरा लंडनच्या एकाच सोसायटीच्या टेबलावर.

साइक्सच्या सस्तन प्राण्यांच्या यादीची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. लॅटिन नावाशेजारी तो देशी नाव देतो आणि ते ‘मराठ्यांचे’ म्हणून देतो. भीमाशंकरच्या रानातील मोठ्या खारीस त्याने एल्फिन्स्टनचे नाव दिले, पण ‘शेकरू’ हे नावही लिहून ठेविले. रानकुत्र्यास त्याने दख्खनचे नाव दिले आणि त्यापुढे ‘कोळसुन’ असे नोंदविले. या शेवटच्या नोंदीने भाषाभ्यासकाने थांबावे. जुन्या मराठीत कुत्र्यास ‘सुणें’ म्हणत; संस्कृत ‘श्वन्’, ‘शुनक’ यांच्याशी त्याचे नाते सरळ आहे. बोलीतून हा शब्द पुढे गेला आणि त्याच्या जागी ‘कुत्रा’ आला, परंतु रानातील कुत्र्याच्या नावात तो टिकून राहिला. घरातील प्राण्याचे नाव बदलले आणि रानातल्याचे जुनेच राहिले, याचे कारण उघड आहे. घरातल्या कुत्र्यास दिवसातून दहा वेळा हाक मारावी लागते. कोळसुनास कोणी हाक मारीत नाही. जे नाव क्वचित उच्चारले जाते ते झिजतही कमी.

पक्ष्यांच्या बाबतीत साइक्सचा हात अधिक मोकळा चाललेला दिसतो. डोक्यावर तुरा असलेल्या दख्खनच्या एका चंडोलास त्याने ‘देवा’, एका लहानशा वटवट्यास ‘रामा’ आणि घाटातील काळ्या बुलबुलास ‘गणीसा’ अशी जातिनामे दिली व ती आजही शास्त्रात चालू आहेत. लेण्याद्री आणि ओझर ही गणपतीची दोन प्रसिद्ध स्थाने जुन्नर तालुक्यातच असल्यामुळे बुलबुलाच्या नावाचा संबंध त्यांच्याशी जोडण्याचा मोह होतो. तसे करण्यास मात्र आधार नाही. गव्हर्नर जॉन माल्कम याच्या वाट्यास माळरानावरील करडा सातभाई आला. राज्यकर्त्यांस खार आणि सातभाई, देवांस बुलबुल आणि चंडोल, अशी ही वाटणी झाली. ज्या लोकांनी हे पक्षी वाट दाखवून आणून दिले असतील त्यांच्या वाट्यास मात्र या लॅटिन नावांत काही आले नाही.

आता वनपक्ष्याकडे यावयाचे. पावसाळ्याच्या तोंडावर भीमाशंकर किंवा आहुपे यांच्या बाजूस पहाटे उजाडण्यापूर्वी ओढ्याच्या काठी जी माणसाने घातल्यासारखी शीळ ऐकू येते ती ज्याची, तो हा पक्षी. सूर धरून धरून सोडून दिल्यासारखी, मध्येच वाट चुकल्यासारखी ही शीळ असते. इंग्रजांनी तिच्यावरून त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोर’ असे लाडिक नाव दिले. मराठीत तो शीळ कस्तूर. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर, अंग काळसर निळे, कपाळावर व खांद्यावर चकाकणारी निळाई. तो कीटक, गोगलगाई, खेकडे, बेडूक आणि फळेही खातो आणि धबधब्याजवळच्या खडकाच्या कपारीत घरटे करतो.

त्याच्या नावात एक कोडे आहे. मराठीत पक्ष्यांची नावे पुष्कळदा कानाने ठेवलेली असतात. टिटवी तिच्या ओरडण्यावरून टिटवी झाली. तांबट पक्ष्याच्या आवाजात तांबटआळीतील हातोडी ऐकू येते. पावश्याच्या आवाजात तर कुणब्याने ‘पेरते व्हा’ असे संपूर्ण वाक्यच ऐकले. ज्या भाषेने एवढ्या बारकाईने पाखरांचे बोल ऐकले, तिने सह्याद्रीतील सर्वांत लक्षवेधी गाणाऱ्यास जे नाव दिले त्यात आवाजाचा मागमूस नसावा, हे चमत्कारिक आहे. ‘कस्तूर’ हा शब्द ‘कस्तूरी’पासून वेगळा करता येत नाही, आणि कस्तूरी हा नाकाचा विषय आहे, कानाचा नव्हे. पक्ष्यास तर कसलाच सुगंध नाही. शिवाय हे नाव एका जातीपुरते नाही. त्या घराण्यातील अनेक पक्षी मराठीत कस्तूरच आहेत. ‘शीळ’ हे पद त्यास जोडून केलेला सामासिक शब्द इंग्रजी नावाच्या घडणीशी पदोपदी जुळतो; त्यावरून तो पक्षिनिरीक्षणाच्या ग्रंथांनी घडविलेला असावा असे वाटते. म्हणजे गाण्याचा उल्लेख या नावात आला तो ग्रंथांच्या द्वारे, बाहेरून.

मग ‘कस्तूर’ कोठून आला? हिंदीतही ‘कस्तूरा’ हे अशाच पक्ष्यांचे नाव आहे, आणि हिमालयात शीळ घालणारा या पक्ष्याचा एक भाऊबंद राहतो. कस्तूरीमृग हाही हिमालयातलाच. सह्याद्रीने तो कधी पाहिला नाही. कस्तूरी येथे आली ती व्यापाऱ्याच्या पेटीतून. तेव्हा पक्ष्याच्या नावाचे उगमस्थान कस्तूरी जेथे निपजते त्या उत्तरेकडील डोंगरांत शोधणे अधिक सयुक्तिक होईल. नामकरणाचा आधार रंग असावा, असे अनुमान करता येते. कस्तूरी काळी असते आणि हे पक्षीही काळसर असतात. सुगंधी द्रव्याच्या नावाने रंग सांगण्याची पद्धत आपल्याकडे केशरी, चंदनी या शब्दांतही आहे. हे अनुमान ग्राह्य धरले तर सह्याद्रीतील या पक्ष्याचे मराठी नाव सह्याद्रीतले नव्हे, असे मानणे भाग पडते.

याला शास्त्रीय नावाच्या इतिहासातून एक अनपेक्षित जोड मिळते. या पक्ष्याचे वर्णन निकोलस व्हिगर्स याने १८३१ मध्ये त्याच झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात केले. व्हिगर्स हा सोसायटीचा पहिला सचिव. त्याच्यासमोर जे पक्षी होते ते हिमालयातून आलेल्या संग्रहातले होते, व त्यांतच हा पक्षी गणला गेला. जॉन गूल्ड याच्या हिमालयातील पक्ष्यांवरील प्रसिद्ध चित्रग्रंथात त्याचे चित्रही छापले गेले. तो हिमालयात राहत नाही, पश्चिम घाट व त्याला जोडून असलेल्या डोंगरांत राहतो, ही दुरुस्ती नंतरची. शब्द हिमालयाकडून सह्याद्रीकडे आला आणि नमुना सह्याद्रीतून निघून कागदावर हिमालयात गेला. दोन चुका परस्परांच्या दिशेने चालत येऊन वाटेत भेटाव्यात, तसा हा प्रकार आहे. व्हिगर्सने पक्ष्यास नाव दिले ते थॉमस हॉर्सफील्डचे. हा जन्माने अमेरिकन, वैद्यकी जाव्हात केलेला आणि १८२० पासून लंडनमध्ये कंपनीच्या संग्रहालयाचा रखवालदार. साइक्सनेही घाटातील एका रानसातभाईस, वाकड्या चोचीच्या व रानात घुमणाऱ्या आवाजाच्या, हॉर्सफील्डचेच नाव दिले. सह्याद्रीचे दोन गाणारे अशा रीतीने एकाच संग्रहालयाच्या दारात बांधले गेले.

लहान मांसाहारी प्राण्यांच्या नावांची तऱ्हा याहून वेगळी आहे. त्यांना कोणी ऐकत नाही. ते रात्री हिंडतात, आणि माणसाला दिसतात ते कोंबड्यांच्या खुराड्याजवळ, क्षणभर. जे क्षणभर दिसते त्याला घरातल्या ओळखीच्या वस्तूचे नाव देणे हा भाषेचा स्वाभाविक धर्म आहे. मराठीने येथे एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला आहे : रानमांजर, उदमांजर, जवादी मांजर, पाणमांजर. यांपैकी पहिले तेवढे खरोखर मांजराच्या कुळातले. ‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’पासून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे हा धातू आहे; अंग चाटीत बसणाऱ्या घरच्या प्राण्यास तो शोभतो, ओढ्यातील पाणमांजरास शोभो वा न शोभो. उलट, जुन्नरच्या उसाच्या फडांत ज्याची पिले सापडतात ते जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक, त्याला मराठीने ‘मांजर’ म्हटलेच नाही, ते ‘वाघाटी’. मांजर नसलेल्यांस मांजर म्हणावे आणि खऱ्या मांजरास वाघाच्या घरात बसवावे, यात लोकांचे अज्ञान मानण्याचे कारण नाही. नाव आकारावरून पडत नाही, वर्तनावरून पडते. वाघाटीचा फिस्कारा ज्याने ऐकला असेल त्याला हे पटावे.

‘उदमांजर’ या शब्दाविषयी मतभेदास जागा आहे. ‘ऊद’ म्हणजे जाळावयाचे सुगंधी द्रव्य, हा शब्द अरबी. उदमांजराच्या अंगास एक प्रकारचा वास येतो, म्हणून हे नाव, असा अर्थ सहज सुचतो. परंतु मराठीत पाणमांजरासही ‘ऊद’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘उद्र’पासून आलेला आहे, ‘उद्र’चा ‘उद्द’ व त्याचा ‘ऊद’ हा क्रम ध्वनिनियमांस धरून आहे, आणि इंग्रजीतील ‘ऑटर’ हा त्याचाच दूरचा नातलग. दोन्ही वाटा एकाच ध्वनिरूपापाशी येतात, त्यामुळे रूपावरून निर्णय होत नाही. लांब अंगाच्या, आखूड पायांच्या प्राण्यांस एकाच नावाने संबोधण्याची जी प्रवृत्ती वर दिसली, तिच्या आधारे ‘उद्र’चा पक्ष अधिक बलवान दिसतो.

‘जवादी’विषयी असा संशय नाही. या प्राण्याच्या शेपटीखालील ग्रंथीतून निघणाऱ्या सुगंधी द्रव्यास अरबीत ‘ज़बाद’ म्हणतात. तोच शब्द पूर्वेकडे येऊन मराठीत ‘जवादी’ व तमिळमध्ये ‘जव्वादु’ झाला, आणि पश्चिमेकडे जाऊन इटालियन व फ्रेंच भाषांतून इंग्रजीत ‘सिव्हेट’ झाला. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने जुन्नर येथे स्वातंत्र्य पुकारले व अहमदनगर वसेपर्यंत तेथेच त्याचे ठाणे होते. दरबार आला की अत्तरवाला येतो आणि अत्तरवाल्याबरोबर त्याचे शब्द येतात. हा एक शब्द जुन्नरच्याच पेठेतून मराठीत आला असे म्हणण्याचा आग्रह नाही. दक्षिणेतील बंदरेही मोकळीच होती. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की घाटातील गाणारा पक्षी आणि घाटातील रात्रीचा शिकारी, या दोघांचीही रूढ मराठी नावे सुगंधी द्रव्यांच्या दुकानातून आलेली आहेत. कस्तूर आणि जवादी हे दोन शब्द रानात जन्मले नाहीत, पेठेत जन्मले. नाणेघाटातील कोरीव हौदास लोक जकातीचा रांजण म्हणतात. माल ज्या वाटेने गेला त्याच वाटेने नावेही गेली, यात नवल नाही.

आता शिशुधान प्राण्याकडे वळावयाचे. ऑस्ट्रेलियात व न्यू गिनीत ‘क्वोल’ नावाचे मांसाहारी प्राणी राहतात. ज्या जातीचा येथे विचार करावयाचा ती मांजराहून लहान, वजनाने सुमारे एक किलोग्रॅम, काळसर किंवा पिंगट अंगावर पांढरे ठिपके असलेली. आहारात कीटक, लहान पक्षी, उंदरांएवढे प्राणी, मृत मांस, शिवाय फळे. खेकडे फोडणाऱ्या कस्तुराशी त्याचे ताट बरेच जुळते. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉफ्र्वा याने १७९६ मध्ये या कुळास ‘केसाळ शेपटीचा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. जॉर्ज शॉ याने १८०० मध्ये या जातीचे वर्णन केले तेव्हा त्याने तिला अमेरिकेतील ओपोसमांच्या गणात घातले. कस्तुरास जसा हिमालय, तशी याला अमेरिका. आणि जातिनाम दिले ते ‘व्हिव्हेरिना’, म्हणजे जवादी मांजरासारखी. ‘व्हिव्हेरा’ हा लॅटिन शब्द मुळात मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका शिकारी प्राण्याचा. लिनियसने १७५८ मध्ये तो जवादींच्या गणास दिला. जवादी मांजर आणि क्वोल यांचे रक्ताचे नाते सस्तन प्राण्यांत जेवढे दूर असू शकते तेवढे जवळजवळ आहे. तरी नावापुरते का होईना, दख्खनच्या रानातील ओळखीचा प्राणी त्या ठिपकेवाल्याच्या अंगावर कायमचा बसला.

हे एकाकी उदाहरण नाही. शेताच्या बांधात बिळे करणाऱ्या घुशीस तेलुगूत ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. ‘पंदि’ म्हणजे डुक्कर, ‘कोक्कु’ म्हणजे उंदीर. कंपनीच्या लोकांनी त्याचे ‘बँडिकूट’ केले. १७९९ मध्ये जॉर्ज बास याने हाच शब्द ऑस्ट्रेलियातील लांब तोंडाच्या एका शिशुधान प्राण्यास लावला आणि पुढे तिकडे तो इतका रुळला की मूळच्या घुशीस आता इंग्रजीत ‘बँडिकूट उंदीर’ असे म्हणून आपली ओळख पटवावी लागते. साहेबाची बोटे मद्रासहून व मुंबईहून सिडनीस जात, तेव्हा त्यांत माणसे आणि धान्य यांबरोबर दख्खनची विशेषनामेही भरलेली असत. व्हिगर्स व हॉर्सफील्ड यांनी जोडीने ऑस्ट्रेलियातील पक्ष्यांचे वर्णन १८२७ मध्ये प्रसिद्ध केले होते. कस्तुराचे चित्र छापणारा गूल्ड पुढे स्वतः ऑस्ट्रेलियात गेला, आणि उत्तरेकडील क्वोलास १८४२ मध्ये त्यानेच शास्त्रीय नाव दिले. सह्याद्रीचा पक्षी आणि दक्षिण गोलार्धाचा पशू एका हाताखालून गेले ते असे.

‘क्वोल’ हा शब्द मात्र लंडनचा नाही. १७७० मध्ये कुकचे एन्डेव्हर जहाज खडकावर आपटून मोडले आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका नदीच्या मुखाशी दुरुस्तीसाठी सात आठवडे अडकले. तेथील गुगू यिमिधिर भाषिकांकडून जोसेफ बँक्स व त्याच्या सोबत्यांनी जे शब्द लिहून घेतले त्यांत कांगारूचे नाव होते आणि या ठिपकेवाल्या प्राण्याचेही. मूळ उच्चार ‘धिगुल’च्या जवळचा. ‘कांगारू’ म्हणजे ‘मला कळत नाही’ अशी जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती खोटी आहे; जॉन हॅव्हिलंड या भाषाशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात त्या भाषेचा अभ्यास करून ‘गंगुर्रु’ हे एका विशिष्ट कांगारूचे खरेखुरे नाव असल्याचे दाखविले. बँक्सच्या कानांनी दगा दिला नव्हता. दगा दिला तो नंतर आलेल्या वसाहतवाल्यांनी. कांगारू टिकला, क्वोल शब्द पडून राहिला, कारण या प्राण्यास ते ‘देशी मांजर’ म्हणू लागले. कोंबड्या पळविणारा ठिपकेवाला प्राणी त्यांनाही क्षणभरच दिसत असणार. मराठी कुणब्याने जे जवादीचे केले तेच इंग्रज शेतकऱ्याने क्वोलाचे केले : दोघांच्याही हाताशी मांजर हाच एक शब्द होता.

१९६० नंतरच्या दशकात डेव्हिड फ्ले या निसर्गाभ्यासकाने ‘देशी मांजर’ टाकून ‘क्वोल’ हे नाव पुन्हा रूढ करावे असा आग्रह धरला व तो हळूहळू मान्य झाला. ज्याला शॉने जवादीसारखा म्हटले तो क्वोल ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर शेवटचा निश्चितपणे दिसला ते वर्ष १९६३ मानतात. त्यानंतर तो टास्मानियात उरला, आणि २०१८ मध्ये त्यास मुख्य भूमीवर पुन्हा सोडण्याचा प्रयत्न झाला. नाव परत आले आणि त्याच दशकात नावाचा धनी निघून गेला.

या पुनरागमनाचा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड होते. ‘क्वोल’ हा शब्द गुगू यिमिधिर लोकांचा, म्हणजे उत्तर क्वीन्सलंडच्या एका नदीकाठचा, आणि तो तेथील जातीचा. सिडनीच्या परिसरात किंवा टास्मानियात राहणाऱ्या जातींना तेथील माणसांचे निराळे शब्द होते, आणि त्या भाषांपैकी कित्येक आज बोलल्या जात नाहीत. सर्व खंडातील ठिपकेवाल्यांना आज एका नदीकाठचे नाव आहे. ते ‘देशी’ आहे, पण सर्व ठिकाणी स्थानिक नाही. इंग्रजीच्या तुलनेत तो फरक लहान वाटेल. टास्मानियातून पाहिल्यास तो लहान नाही.

हीच फूटपट्टी साइक्सच्या ‘मराठ्यांचे’ या शब्दास लावून पाहिली पाहिजे. शेकरू, कोळसुन ही नावे त्याने जपली, याबद्दल मराठी भाषा त्याची ऋणी आहे. पण भीमाशंकरापासून नाणेघाटापर्यंतच्या डोंगरपट्टीत राहणारे लोक मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर; हिरडा वेचणे, भात लावणे आणि रान तुडविणे हे त्यांचे पिढीजात जीवन. शेकरू ज्यांच्या घरावरून उड्या मारीत जाते ती ही माणसे. यादीत त्यांची वेगळी मुद्रा नाही. घाटावरच्या कचेरीत जे नाव चालते ते ‘मराठ्यांचे’ म्हणून नोंदले गेले, आणि जे डोंगरात चालत असेल ते त्याच शब्दाखाली झाकले गेले. नाणेघाटाच्या लेण्यातही ‘महारठी’ हा शब्द आहे. तेथे तो एका अधिकाऱ्याच्या उपाधीसाठी आला आहे. डोंगरातल्या लोकांना कोणते नाव होते ते तो लेखही सांगत नाही.

पुढील शतकात ग्रियर्सनचे भाषा-सर्वेक्षण आले. त्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा, आणि त्यात कोळी, ठाकरी, कातकरी या बोलींचे नमुने आहेत. मात्र नमुना म्हणून सर्वत्र उतरवून घेतला गेला तो बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. त्यात डुकरे आहेत, पोसलेले वासरू आहे, करडू आहे. सर्वेक्षणासाठी ठरविलेल्या शब्दयादीत कुत्र्यानंतर मांजर येते, मग कोंबडा, बदक, गाढव, उंट आणि शेवटी नुसते ‘पक्षी’. ज्या ठाकराला अंधारात पाखराचा पंख वाजला तरी त्याची जात कळावी, त्याला उंटाचा प्रतिशब्द विचारला जावा, ही त्या पद्धतीची मर्यादा होय. तुलनेसाठी सर्व बोलींना एकच प्रश्नावली हवी, हे शास्त्रदृष्ट्या बरोबरच होते. त्या बरोबर असण्याची किंमत रानातल्या शब्दांनी दिली. आवाजावरून नाव ठेवण्याची मराठीची जी सवय पावश्यात व तांबटात दिसते, ती डोंगरातील बोलींनी शीळ घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीतच सोडून दिली असेल, हे संभवनीय वाटत नाही. ‘कस्तूर’ या पेठेतल्या शब्दामागे तेथे दुसरे एखादे, कानाने ठेवलेले नाव असले पाहिजे.

भीमाशंकरचे रान १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेव्हापासून तेथील प्राण्यांची नावे फलकांवर, पुस्तिकांत आणि वाटाड्यांच्या तोंडी छापील रूपात पोचू लागली. छापील नावाचे बळ मोठे असते. दोन माणसे निराळ्या नावाने एकच पक्षी दाखवीत असतील तर ज्याचे नाव पुस्तकात असेल त्याचे खरे ठरते. मराठीत क्वोलासंबंधी लिहिणारापुढेही हाच प्रश्न येतो. ‘शिशुधान’ हा शब्द मराठीने आपल्या बळावर घडविला आणि तो उत्तम आहे. पण त्यास लागून ‘शिशुधान मांजर’ असा समास करण्याचा मोह टाळावयास हवा, नाही तर टाकून दिलेले ‘देशी मांजर’ मराठीच्या दाराने परत येईल.

घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि मूळचे आंबेगाव त्याच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले, कचेरी घोडेगावास आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या वाड्यांतून, घरे उठून वर नेताना ज्यांनी ओढ्यांची, टेपाडांची आणि पाखरांची नावे बरोबर नेली त्या पिढीतील काही म्हातारी माणसे अद्याप आहेत. जूनच्या पहाटे ओढ्यात शीळ घालणाऱ्या पक्ष्याला घरात काय म्हणत, हा प्रश्न त्यांना विचारता येण्याजोगा आहे, आणि त्यासाठी लागणारी शब्दयादी कुत्रा, मांजर, उंट यांच्यापासून सुरू होण्याचे कारण नाही.